अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असे आले आहे? झेब्राफिश आणि जनुक-संपादन यांची मदत कशी होते

‘डॉक्टर, रिपोर्टमध्ये व्हीयूएस असे लिहिले आहे. म्हणजे आजार आहे की नाही?’

बाळाची जनुकीय तपासणी करून आलेले पालक हा प्रश्न हमखास विचारतात. अनेक महिने दवाखान्यांत फिरून, बरेच पैसे खर्च करून अखेर हातात कागद पडतो आणि त्यावर असते, ‘एका जनुकात बदल सापडला आहे, पण त्याचा अर्थ आज निश्चित सांगता येत नाही.’ व्हीयूएस या तीन अक्षरांचा अर्थ एवढाच. हा बदल आजाराचे कारण असू शकतो, किंवा एखाद्याचे नाक थोडे वेगळे असावे तसा निरुपद्रवी फरकही असू शकतो.

असा बदल जगात फारच थोड्या माणसांत सापडतो. कधी कधी तर तुमचे मूल एकटेच असते. मग तुलना कोणाशी करायची? अशा वेळी संशोधक ज्या प्राण्याकडे वळतात, तो म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा एक पट्टेदार मासा, झेब्राफिश. या माशाच्या जनुकात नेमका बदल करून त्याचे काय होते ते पाहता येते. हे काम कसे चालते, त्यातून रुग्णाला काय मिळू शकते आणि काय मिळत नाही, हे या लेखात समजून घेऊ.

हा मासा कोणता?

तुम्ही हा मासा बहुधा पाहिलेला आहे. घरगुती मत्स्यालयांच्या दुकानात तो ‘झेब्रा डॅनिओ’ या नावाने मिळतो. लांबी ३ ते ४ सेंटिमीटर, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळसर आडवे पट्टे. तो मूळचा आपल्याच भागातला. भारत, नेपाळ आणि बांगलादेशातले संथ ओढे, डबकी आणि भातखाचरे हे त्याचे घर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

प्रयोगशाळेत त्याला मानाचे स्थान मिळवून दिले ते अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात जनुकांचा अभ्यास सोपा व्हावा, म्हणून त्यांनी १९७० च्या दशकात हा मासा निवडला. १९८१ मध्ये त्यांचे महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. आज जगभरातल्या प्रयोगशाळांत हा मासा आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि दिल्लीची जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्था इथेही त्याच्यावर काम होते.

माणसाचा आजार माशात कसा दिसेल?

ही शंका रास्त आहे. माशाला फुप्फुसे नाहीत, गर्भाशय नाही, हातपाय नाहीत. पण हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड, रक्त, स्नायू, डोळे आणि कानाचा आतला भाग आहे. ही इंद्रिये घडवणारी जनुकेही बरीचशी आपल्यासारखीच आहेत.

झेब्राफिशचा संपूर्ण जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिने बनवणारी २६ हजारांहून अधिक जनुके आढळली. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना माशात किमान एक जोडीदार जनुक सापडते. माणसाच्या आजारांशी संबंध असलेल्या ज्ञात जनुकांपुरते पाहिले, तर हे प्रमाण सुमारे ८२ टक्के भरते.

शिवाय या माशाचे आणखी काही फायदे आहेत.

- अंडी बाहेर, गर्भ पारदर्शक: मादी पाण्यात अंडी घालते आणि गर्भ आईच्या शरीराबाहेर वाढतो. तो काचेसारखा आरपार दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारे हृदय आणि वाहणारे रक्त काहीही न कापता पाहता येते.
- वाढ झपाट्याने: फलन झाल्यापासून साधारण २४ तासांत हृदयाचे ठोके सुरू होतात. दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर येते. पाचव्या दिवशी ते पोहते आणि भक्ष्य शोधू लागते. तीन महिन्यांत मासा प्रौढ होतो.
- संख्या भरपूर: एक मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज घालते. त्यामुळे दिसलेला परिणाम योगायोग आहे की खरा, हे तपासता येते.
- हृदय बंद असले तरी काही दिवस जीव टिकतो: गर्भ इतका लहान असतो की पाण्यातला प्राणवायू थेट शरीरात झिरपतो. त्यामुळे हृदयाच्या गंभीर जन्मजात दोषांचाही अभ्यास करता येतो. उंदराच्या पिल्लात असा दोष असला तर ते बहुधा जन्मापूर्वीच दगावते.

जनुक बदलण्याच्या पद्धती

जनुक म्हणजे प्रथिन कसे बनवायचे याची लिखित सूचना. ही सूचना चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते आणि पेशी ती तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते. सूचनेत चूक झाली की प्रथिन बनत नाही किंवा बिघडलेले बनते.

माशातल्या सूचनेत मुद्दाम बदल करण्याच्या पद्धती टप्प्याटप्प्याने सुधारत गेल्या.

१. अंदाधुंद बदल. सुरुवातीला माशांना विशिष्ट रसायनाच्या पाण्यात ठेवून त्यांच्या जनुकांत कुठेही बदल घडवले जात. मग पुढच्या पिढ्यांत दोष असलेली पिल्ले शोधायची आणि कोणते जनुक बिघडले याचा माग काढायचा. जर्मनीतल्या ट्युबिंगेन आणि अमेरिकेतल्या बोस्टन इथे असे प्रचंड काम झाले आणि ते १९९६ च्या डिसेंबरमध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. ट्युबिंगेनच्या कामामागे नोबेलविजेत्या क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड होत्या. पद्धत उपयोगी होती, पण तिच्यात ‘मला हेच जनुक बदलायचे आहे’ असे म्हणता येत नव्हते.

२. सूचना तात्पुरती झाकणे. २००० च्या सुमारास मॉर्फोलिनो नावाचे रेणू आले. ते जनुकाला हात लावत नाहीत. जनुकाकडून निघालेला संदेश ते काही दिवस अडवून धरतात. हे झटपट होते, पण त्यात फसगतही होऊ लागली. कधी कधी दिसणारा दोष जनुक बंद पडल्यामुळे नसून त्या रेणूच्या दुष्परिणामामुळे असे. २०१५ मध्ये मॉर्फोलिनोचे निष्कर्ष आणि जनुक कायमचे बिघडवलेल्या माशांचे निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ते जुळले नाहीत. आज फक्त याच पद्धतीच्या आधारे काढलेला निष्कर्ष सावधपणे घेतला जातो.

३. नेमक्या जागी कात्री. २००८ मध्ये झिंक फिंगर न्यूक्लिएज आणि २०११ पासून टॅलेन ही साधने माशात वापरली गेली. ही ठरावीक अक्षरक्रम ओळखून तिथेच कापणारी प्रथिने आहेत. अडचण अशी की प्रत्येक जनुकासाठी नवे प्रथिन घडवावे लागे. ते वेळखाऊ आणि महाग होते.

४. क्रिस्पर. ही मूळची जिवाणूंची विषाणूंविरुद्धची संरक्षणव्यवस्था. एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये तिचे एका साधनात रूपांतर केले आणि २०२० मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. झेब्राफिशच्या गर्भात ती चालते, हे २०१३ मध्येच दाखवले गेले.

क्रिस्परचे दोन भाग असतात. एक वाटाड्या आणि एक कात्री. वाटाड्या म्हणजे आरएनएचा छोटा तुकडा. त्यातली सुमारे २० अक्षरे हव्या त्या जनुकातल्या ओळीशी जुळतात. कात्री म्हणजे कॅस-९ नावाचे प्रथिन. वाटाड्या जागा दाखवतो आणि कात्री तिथे डीएनएचे दोन्ही धागे कापते. दुसरे जनुक कापायचे असेल तर फक्त वाटाड्या बदलायचा, कात्री तीच राहते. म्हणून हे काम एकदम स्वस्त आणि सोपे झाले.

कापल्यावर काय होते? पेशी तुटलेली टोके घाईघाईने जोडते. त्या गडबडीत एक-दोन अक्षरे गळतात किंवा जास्तीची घुसतात. एवढ्याने काय बिघडते ते पाहण्यासाठी तीन-तीन अक्षरांचे एक वाक्य घेऊ:

सुरेश सकाळी नाटक बघतो

यातले दुसरे अक्षर ‘रे’ गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरांनी वाचा:

सुशस काळीना टकब घतो

एक अक्षर गेले आणि पुढचे सगळे वाक्य निरर्थक झाले. जनुकातही असेच होते आणि प्रथिन बनणे थांबते. यालाच जनुक ‘बंद पाडणे’ म्हणतात.

५. एकच अक्षर बदलणे. रुग्णाच्या अहवालातला बदल बरेचदा एकाच अक्षराचा असतो. जनुक पूर्ण बंद पाडून त्या एका अक्षराचा परिणाम कळत नाही. त्यासाठी बेस एडिटिंग आणि प्राइम एडिटिंग या नव्या पद्धती आहेत. त्यांत डीएनएचे दोन्ही धागे न तोडता ठरावीक अक्षराच्या जागी दुसरे बसवता येते. कात्रीपेक्षा खोडरबर आणि पेन्सिलीची उपमा त्यांना जास्त शोभते. माशात या दोन्ही पद्धती चालतात, पण प्रत्येक जागी सारखे यश येत नाही.

प्रत्यक्ष प्रयोग कसा होतो?

आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एका टाकीत, मध्ये पारदर्शक पडदा घालून ठेवतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढतात आणि थोड्याच वेळात मादी अंडी घालते. फलन झाल्यावर पाऊण तासभर गर्भ एकाच पेशीचा असतो. तेवढ्या वेळात केसासारख्या बारीक काचेच्या सुईने त्यात वाटाड्या आणि कात्री यांचे मिश्रण सोडायचे असते. सरावलेला हात एका सकाळी शेकडो अंड्यांना असे इंजेक्शन देतो.

मात्र पहिल्या पिढीचा मासा ठिगळांच्या गोधडीसारखा असतो. कात्री चालेपर्यंत पेशीचे विभाजन सुरू झालेले असते, म्हणून काही पेशींत एक बदल, काहींत दुसरा आणि काहींत काहीच बदल नाही, असे होते. अशी पिल्ले घाईच्या प्राथमिक तपासणीला चालतात. पक्क्या उत्तरासाठी पुढच्या पिढ्या लागतात.

१. पहिल्या पिढीचा मासा तीन महिन्यांत मोठा होतो. त्याची जोडी साध्या माशाशी लावतात.
२. त्यांच्या पिल्लांच्या शेपटीच्या परातून बारीक तुकडा घेऊन डीएनए तपासतात. हा पर पुन्हा वाढतो. यातून एकच ठरावीक बदल असलेले मासे निवडले जातात.
३. हे मासे मोठे झाले की त्यांची आपसात जोडी लावतात. त्यांच्या पिल्लांपैकी साधारण एक-चतुर्थांशात जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतात.

म्हणजे फक्त मासे तयार व्हायलाच सहा-सात महिने लागतात, आणि खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो. ‘संशोधनासाठी नमुना दिला, मग उत्तर का येत नाही?’ या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे आहे.

अहवालातल्या बदलाची परीक्षा

समजा, तुमच्या मुलाच्या एका जनुकात अर्थ न कळलेला बदल सापडला आहे. संशोधक आधी माशातले ते जनुक बंद पाडतात. पिल्लात दोष दिसला, उदाहरणार्थ हृदय सुजले किंवा स्नायू दुबळे झाले, की पुढची पायरी येते.

अशा काही गर्भांना माणसाच्या निरोगी जनुकाचा संदेश टोचतात. दोष भरून निघाला, तर माणसाचे जनुक माशात ते काम करू शकते हे सिद्ध होते. मग दुसऱ्या गटाला तुमच्या मुलातला बदल असलेला संदेश टोचतात. त्यानेही दोष भरून निघाला, तर तो बदल बहुधा निरुपद्रवी आहे. भरून निघाला नाही, तर बदलामुळे जनुकाचे काम बिघडते असा पुरावा मिळतो.

हा पुरावा एकटा निर्णय देत नाही. तो बदल सर्वसाधारण लोकांत किती दुर्मिळ आहे, आई-वडिलांत आहे का, कुटुंबातल्या इतर आजारी व्यक्तींत आहे का, मुलाची लक्षणे त्या जनुकाच्या ज्ञात आजाराशी जुळतात का, हे सगळे मिळून निर्णय होतो. मासा हा या खटल्यातला एक साक्षीदार आहे. निकाल देणे त्याचे काम नाही.

उदाहरण पहिले: ड्रॅव्हे सिंड्रोम

हा लहान मुलांतला गंभीर अपस्मार आहे. साधारण १५ ते ४० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. पहिल्या वर्षातच, बरेचदा तापात, लांबलेले झटके येतात. पुढे झटके वाढतात आणि विकासही मागे पडू लागतो. बहुतेक मुलांत एससीएन१ए या जनुकात बदल सापडतो. हे जनुक मेंदूच्या पेशींतल्या सोडियमच्या वाटेचे प्रथिन बनवते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रातले स्कॉट बाराबान यांच्या गटाने याच जनुकाचा माशातला जोडीदार बिघडलेली पिल्ले अभ्यासली. अवघ्या काही दिवसांची ही पिल्ले अचानक वेगाने गोल गोल पोहत, मग कलंडत. मेंदूची विद्युत नोंद घेतल्यावर तिथे झटक्यांचेच आलेख दिसले. मुलांमध्ये उपयोगी पडणारी व्हॅल्प्रोएट आणि स्टिरिपेंटॉलसारखी औषधे पाण्यात घातल्यावर माशांचे झटकेही कमी झाले. म्हणजे माशातला आजार मुलांच्या आजाराशी बऱ्यापैकी जुळत होता.

मग त्यांनी ३२० औषधे एकामागून एक तपासली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून पुढे आले ते क्लेमिझोल, अ‍ॅलर्जीसाठी पूर्वी वापरले जाणारे एक जुने औषध. ते झटक्यांवर का चालते याचा शोध घेताना मेंदूतल्या सेरोटोनिनच्या मार्गाकडे लक्ष गेले. क्लेमिझोलच्या माणसांवरच्या चाचण्या त्यातून सुरू झाल्या. मात्र ते अजून ड्रॅव्हेसाठी मान्यता मिळालेले औषध नाही. माशापासून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता किती लांब असतो, हे यावरून कळावे.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पहिली, हे मूळ मासे क्रिस्परने बनवलेले नव्हते. ते वर सांगितलेल्या अंदाधुंद पद्धतीतून मिळाले होते. क्रिस्पर आल्यावर याच गटाने बालवयातल्या अपस्माराशी संबंधित जनुकांचे ४० वेगवेगळे माशांचे वाण तयार केले. एवढ्या कामासाठी जुन्या पद्धतीने किती वर्षे लागली असती, याची कल्पना करा. दुसरी, त्या ४० पैकी थोड्याच वाणांत आपोआप झटके दिसले. ‘माणसात झटके येतात म्हणून माशातही येतीलच’ असे नसते.

ड्रॅव्हेच्या पालकांसाठी इथेच एक व्यवहारातली सूचना. या आजारात कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइन यांसारखी सोडियमची वाट अडवणारी औषधे झटके वाढवू शकतात. म्हणून अचूक जनुकीय निदानाला आजही किंमत आहे. पण चालू औषध स्वतःहून कधीही बंद करू नका. अचानक बंद केल्यानेही जीवघेणे झटके येऊ शकतात. बदल मेंदूविकारतज्ज्ञांनीच करायचा.

उदाहरण दुसरे: लसिकावाहिन्यांचा आजार

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात लसिकावाहिन्यांची रचना बिघडलेला एक मुलगा उपचार घेत होता. पाय सुजलेले, छातीत द्रव साचून श्वास अपुरा. शस्त्रक्रिया आणि नेहमीचे उपचार तोकडे पडले होते. तपासणीत ए-राफ नावाच्या जनुकात बदल सापडला. संशोधकांनी तो बदललेला मानवी जनुक झेब्राफिशच्या लसिकावाहिन्यांत घातला, तेव्हा माशाच्या वाहिन्याही फुगल्या. हा बदल मेक नावाच्या प्रथिनाचा मार्ग जास्त चालू ठेवतो. तो मार्ग रोखणारे औषध दिल्यावर माशातल्या वाहिन्या सुधारल्या.

याच गटातले ट्रॅमेटिनिब हे औषध त्वचेच्या कर्करोगासाठी आधीच वापरात होते. ते या मुलाला दिले गेले. काही महिन्यांत त्याचा श्वास सुधारला आणि पायांची सूज उतरली. २०१९ मध्ये हे वृत्त प्रसिद्ध झाले. इथे माशाचे जनुक कापलेले नव्हते, माणसाचे जनुक जास्तीचे घातले होते. एखादा बदल जनुक बंद पाडत असेल तर कात्री उपयोगी पडते. पण बदल जनुकाला बेलगाम करत असेल तर असे जनुक घालून पाहावे लागते.

असे यश प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येत नाही. इथे नशिबाने औषध तयार होते. बहुतेक दुर्मिळ आजारांत कारण कळते, पण औषध तयार नसते.

माशाच्या उत्तराच्या मर्यादा

- जनुकांच्या जोड्या: माशाच्या पूर्वजांत सगळा जनुकसंच एकदा दुप्पट झाला. त्यामुळे माणसाच्या एका जनुकाला माशात कधी कधी दोन जोडीदार असतात. एक बंद पाडले तर दुसरे काम सांभाळून घेते.
- भरपाई: जनुक कायमचे बिघडवले तर पेशी कधी कधी त्याची जवळची नातेवाईक जनुके जास्त चालवते. मग दोष दिसतच नाही. ‘माशात काही झाले नाही’ याचा अर्थ ‘बदल निरुपद्रवी आहे’ असा थेट होत नाही.
- एक प्रत की दोन: ड्रॅव्हेच्या मुलात जनुकाची एक प्रत बिघडली तरी आजार होतो. वर सांगितलेल्या माशांत मात्र दोन्ही प्रती बिघडवाव्या लागल्या.
- शरीरातले फरक: माशाच्या हृदयाचा तुकडा कापला तरी ते काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. आपले येत नाही. फुप्फुसांचे आजार, भाषा, बौद्धिक विकास यांबद्दल मासा थेट काही सांगू शकत नाही.
- औषधाची मात्रा: माशाला औषध पाण्यातून दिले जाते. त्यावरून मुलाचा डोस काढता येत नाही.
- चुकीच्या जागी कात्री: वाटाड्या कधी सारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या ओळीवर थांबतो. म्हणून संशोधक दोन वेगळे वाटाडे वापरून दोन्हींचे निष्कर्ष जुळतात का हे पाहतात.

माशांना त्रास होत नाही का?

हा प्रश्न अनेक घरांतून येतो आणि तो विचारायलाच हवा. झेब्राफिश हा पाठीचा कणा असलेला प्राणी आहे. त्याच्यावरच्या प्रयोगांना प्राणीविषयक नीतिसमितीची परवानगी लागते. पाण्यात भूल देण्याचे औषध मिसळून मगच पराचा तुकडा घेणे यांसारख्या गोष्टी केल्या जातात. शक्य तिथे पहिल्या पाच दिवसांतल्या गर्भांवरच काम करतात, म्हणजे मोठे प्राणी कमी लागतात. कमीत कमी प्राणी, कमीत कमी वेदना आणि पर्याय असेल तिथे पर्याय, हे तत्त्व पाळले जाते.

मग माझ्या मुलाचे जनुक असेच दुरुस्त होईल का?

माशातले जनुक-संपादन बहुतेक वेळा जनुक *बिघडवण्यासाठी* असते, म्हणजे आजार समजावा म्हणून. रुग्णाचे जनुक *दुरुस्त करणे* ही वेगळी आणि फार अवघड गोष्ट आहे. माशात एका पेशीला टोचले की काम होते. मुलाच्या शरीरात अब्जावधी पेशी आहेत, आणि मेंदूसारख्या अवयवापर्यंत कात्री सुरक्षित पोचवणे हेच मोठे आव्हान आहे.

तरी सुरुवात झाली आहे. सिकलसेल आजारासाठी कॅसजेव्ही या क्रिस्परवर आधारलेल्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी शरीराबाहेर काढून, त्यांत बदल करून परत दिल्या जातात. हा उपचार अत्यंत महाग आहे आणि त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते.

माणसाच्या गर्भात बदल करून मूल जन्माला घालणे याला मात्र भारतात परवानगी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट सांगितले आहे. ‘जीन एडिटिंगने हमखास बरे करतो’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्यापूर्वी आपल्या तज्ज्ञांना दाखवा.

अहवालात व्हीयूएस आला, तर काय करावे?

- घाबरू नका, पण कागद जपून ठेवा. अहवालाबरोबर मूळ माहितीची फाइलही प्रयोगशाळेकडून मागून घ्या.
- आई-वडिलांची तपासणी करून घ्या. बदल निरोगी आईत किंवा वडिलांत असेल तर अर्थ बदलू शकतो. साध्या रक्तचाचणीने हे कळते.
- एक-दोन वर्षांनी फेरतपासणी मागा. नवे रक्त बहुधा लागत नाही. जुनीच माहिती नव्या ज्ञानाच्या प्रकाशात वाचतात. आजचा ‘अनिश्चित’ उद्या ‘निरुपद्रवी’ किंवा ‘आजाराचे कारण’ ठरू शकतो.
- फक्त व्हीयूएसच्या आधारे मोठे निर्णय घेऊ नका. पुढची गर्भधारणा, गर्भपात, औषधे बंद करणे, बहीण-भावांचे लग्न, यांतले काहीही त्यावर ठरवू नये.
- जनुकीय समुपदेशन घ्या. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली उत्कृष्टता केंद्रे नेमली आहेत. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे.
- संशोधनात सहभाग विचारला तर हे प्रश्न विचारा: आमच्या मुलाची ओळख गुप्त राहील का? निष्कर्ष आम्हाला कळवणार का? साधारण किती वेळ लागेल? आम्हाला खर्च येईल का? नकार दिला तर उपचारात फरक पडेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे.

थोडक्यात

झेब्राफिशमधले जनुक-संपादन हे उपचार नाही. जनुकातल्या बदलाचा अर्थ लावण्याचे ते एक साधन आहे. त्यातून कधी निदान पक्के होते, कधी योग्य औषधाची दिशा मिळते आणि कधी काहीच हाती लागत नाही. माशातला निष्कर्ष हा पुराव्याचा एक भाग आहे, आणि तो मिळायला महिने किंवा वर्षे लागतात.

तोपर्यंत मुलाचे उपचार थांबत नाहीत. झटक्यांवरची औषधे, फिजिओथेरपी, आहार, लसीकरण, शाळा, यांतले काहीच जनुकाच्या उत्तराची वाट पाहत नाही. अहवालातले एक अक्षर अजून वाचता आले नसले, तरी समोरचे मूल आपल्याला दिसते आहे. त्याची काळजी आजपासून घेता येते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या किंवा मुलाच्या आजाराबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.*